बासष्टच्या पुढचे आठ

“विद्येले कुलूप नसते! ज्यानं विद्येले कुलूप लावलं, तो समाजाचा गुन्हेगार हाय!”

नत्थुजींनी हे जाहीर केलं तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजले होते आणि आम्ही अकरा जण वाचनालयाच्या माडीवर जाणाऱ्या जिन्यात, कुलूप लावलेल्या दारासमोर, एकामागे एक उभे होतो. किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई लग्नाला मूर्तिजापूरला गेला होता. नत्थुजी सर्वांत वरच्या पायरीवर असल्यामुळे त्यांचं बोलणं आपोआपच अध्यक्षीय झालं.

शफीकभाई सर्वांत खालच्या पायरीवर होते. खिशातून त्यांनी तांब्याच्या तारेचा तुकडा काढला, दातात धरून वाकवला, “जरा सरका” म्हणत वर आले आणि अर्ध्या मिनिटात कुलूप उघडून नत्थुजींच्या हातात दिलं.

नत्थुजींनी कुलपाकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “शफीकभाई, एवढं मात्र कोणाले शिकवू नका.”

आमचं अकोल्याचं मुक्त संगणक मंडळ हे असं. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेनं दिलेले पाच संगणक, एक कूलर आणि दर रविवारचा चहा. ज्याला जे सॉफ्टवेअर जमेल ते त्यानं बनवायचं, आतून उघडं ठेवायचं, कोणालाही फुकट घेऊ द्यायचं, चूक सापडली तर दुरुस्त करू द्यायचं. एका परिचारिकेनं रांगोळी काढून देणारा प्रोग्राम केला होता. एका औषधाच्या दुकानदारानं नळ कधी येणार ते सांगणारा केला होता. तो सहसा चुकत नसे, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘आज नाही’ असंच असे. तंत्रनिकेतनात शिकवणारी गीतांजली म्हणजे खरं मंडळ. बाकी आम्ही तिचे श्रोते. अध्यक्ष नत्थुजी. एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं नकला देण्याच्या टेबलावर बसून लोकांना ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलेल्या माणसाला निवृत्तीनंतर माहिती मोकळी करण्याची ओढ लागावी, यात आम्हाला काही विचित्र वाटत नव्हतं. प्रायश्चित्ताचे अनेक प्रकार असतात.

शफीकभाई मागच्या उन्हाळ्यात कूलरची मोटार दुरुस्त करायला आले, ते परत गेलेच नाहीत. मोटार अर्ध्या तासात झाली होती. पण त्या दिवशी गीतांजली सांगत होती, की जगात हजारो लोक रात्रंदिवस खपून सॉफ्टवेअर लिहितात आणि ओळख ना पाळख अशा माणसांना देऊन टाकतात. शफीकभाई पेचकस हातात धरून तासभर उभे राहिले. शेवटी म्हणाले, “देऊन टाकते म्हणजे? सारंच?”

“सगळंच, चाचा.”

“मंग त्यायच्याजवळ काय राहते?”

गीतांजलीला पटकन उत्तर सुचलं नाही. नत्थुजींना सुचलं, पण ते लांब होतं.

पुढच्या रविवारी शफीकभाई हिरव्या फडक्यात गुंडाळलेली एक डायरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “घ्या.”

ही काय चीज आहे हे कळायला आम्हाला वेळ लागला. जळालेली मोटार पुन्हा भरायची म्हणजे तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची. कोणत्या मोटारीच्या कॉइलला किती वेढे आणि तार किती जाड, एवढ्यावर सगळा खेळ. वेढे कमी पडले की मोटार तापते. जास्तच कमी पडले तर आठवडाभरात जळते. हे आकडे मोटार भरणाऱ्याच्या डायरीत असतात. पोरीचं लग्न तो परक्या घरी लावून देईल, पण डायरी जावयाला दाखवणार नाही. शफीकभाईंची डायरी त्यांच्या वडिलांची, गुलफाम मिस्त्रींची. चारशे बारा मोटारी, उर्दूत, निळ्या शाईत. ताजनापेठेतल्या त्यांच्या दुकानावर या डायरीसाठी एकदा चोरी झाली होती. चोरानं गल्ल्याला हात लावला नव्हता.

दोन महिने शफीकभाई वाचत होते आणि नत्थुजी एका बोटानं टाइप करत होते. गीतांजलीनं त्याचा प्रोग्राम केला. मोटार निवडा, आकडे बघा. तो इंटरनेटवर मोकळा ठेवला तेव्हा पहिल्या आठवड्यात नव्वद जणांनी उतरवून घेतला. त्यातला एक टांझानियातला होता. शफीकभाईंनी तो देश नकाशावर दाखवायला लावला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “तेथी बी जळते मोटारी? बाप्पा!” मग बराच वेळ ते त्या नकाशाजवळच बसून राहिले.

तर त्या कुलपाच्या रविवारी आम्ही आत जाऊन बसतो न बसतो तोच जिन्यात पावलं वाजली. खांद्यावर पोतं घेतलेला, पांढऱ्या टोपीचा पन्नाशीचा एक गृहस्थ दारात उभा राहिला. त्यानं पोतं टेबलावर उलटं केलं. मोटारीची रिकामी बॉडी आणि काळ्याठिक्कर पडलेल्या तारांचा गुंडा बाहेर आला. जळक्या वार्निशचा वास खोलीभर झाला.

“इथचा मुख्य कोण हाय?”

नत्थुजींचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला.

“मी जानराव. अंजनगाव सुर्जीत मोटारी भरतो. हे पीठगिरणीची मोटार. तुमच्या यादीत पाहून भरली. दोन हॉर्सपॉवर, बासष्ट टर्न. चौथ्या दिवशी जळली. म्हटलं आपलंच काही चुकलं असन. पुन्हा मोजून भरली. पुन्हा जळली. आता तो गिरणीवाला गावभर सांगून राहिला, का जानरावाचा हात गेला म्हणून. तीस वर्षांचा हात हाय माहा!”

गीतांजलीनं यादी उघडली. “बासष्टच आहे.”

शफीकभाईंनी डायरी उघडली. पान काढायला त्यांना वेळ लागला नाही. “बासष्ट. अब्बांच्या हातचं लिहिलं हाय.”

“मंग तुमच्या अब्बानंच चुकवलं.”

“जानरावजी,” शफीकभाई उभे राहिले, “माह्या बापानं साठ वर्षं मोटारी भरल्या, चाळीस मी भरून राहिलो. पातूरपासून दर्यापूरपर्यंत विचारा. एक मोटार दुकानात परत आली नाही.”

“मंग तुमी चुकवलं! फुकट देतो म्हणाचं आन् खोटे आकडे द्याचे. खेड्यापाड्यातले मिस्त्री बदनाम झाले का सारं काम अकोल्यात! कावून? खोटं बोलून राहिलो का मी?”

गीतांजलीनं हळूच सांगितलं, की आजपर्यंत तीनशे चाळीस जणांनी ही यादी नेली आहे. तिनं आलेले निरोप पुन्हा उघडले. सोलापूरच्या एकानं आभार मानले होते आणि मोटार जळाल्याचंही कळवलं होतं. दोष त्यानं आपल्या व्होल्टेजला दिला होता. अशी सभ्य माणसं आणखी तिघं निघाली.

शफीकभाईंचा चेहरा आम्ही कधी तसा पाहिला नव्हता. ते म्हणाले, “आत्ता भरतो. इथीच. तुमच्या डोळ्यासमोर. बासष्टवर भरतो, आन् जळली तर उद्यापासून दुकानाचं शटर उघडणार नाही.” त्यांनी घरी फोन लावला. “हमिदा, दो हॉर्सपॉवर का एक सेट बना. हां, बासठ. रिक्षावाले के हाथ भेज दे, जल्दी.”

त्यांच्या घरातली ही कायमची वाटणी होती. शफीकभाई दुकानातून फोनवर आकडा सांगत. हमिदाभाभी घरी हातानं फिरवायच्या हँडलवर कॉइल गुंडाळून पाठवत. शफीकभाई ती मोटारीत बसवत. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं.

तासाभरानं जिन्यात पुन्हा पावलं वाजली. रिक्षावाला नव्हता. पिशवी घेऊन स्वतः हमिदाभाभीच आल्या होत्या. मंडळात त्या पहिल्यांदाच येत होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या.

“तुम कायको आई?” शफीकभाईंनी विचारलं.

“आवाज अलग था,” त्या म्हणाल्या.

शफीकभाई पहिली कॉइल उचलणार, तेवढ्यात जानरावानं हात आडवा घातला. “थांबा. मी मोजतो.”

“मोजा.”

जानरावानं एक कॉइल घेतली, दोरा सोडला आणि तार उलगडायला सुरुवात केली. तो एकेक वेढा सोडत होता आणि मोठ्यानं मोजत होता. विसाच्या पुढे आम्हीही मोजू लागलो. चाळिसाच्या पुढे अकराच्या अकरा जण मोजत होते. लहानपणी पाढे म्हणताना लागायचा तसा ताल लागला होता. साठ. एकसष्ट. बासष्ट.

तार संपली नव्हती.

जानरावाचा हात थांबला. त्यानं उरलेल्या वेटोळ्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. बाकावरून भाभी, खिडकीबाहेर बघत, शांतपणे म्हणाल्या, “अजून आठ हायत.”

जानरावानं मोजले. आठच होते.

“भाभी, सत्तर गुंडाळले तुमी?” नत्थुजींनी विचारलं. “शफीकभाईनं तर बासष्ट सांगितले.”

“हे नेहमी बासष्टच सांगते. मी नेहमी सत्तरच गुंडाळतो.”

शफीकभाई हळूहळू खुर्चीत बसले. जानरावानं त्यांच्याकडे पाहून विचारलं, “चाळीस वर्षांत एकदा बी मोजलं नाही?” आता त्याच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं, नुसतंच कुतूहल होतं.

“बायकोचं मोजू का?” शफीकभाई म्हणाले.

मग भाभींनी सांगितलं. त्यांना सांगायची घाई नव्हती, आणि आम्हाला श्वास घ्यायची. एकोणीस वर्षांच्या असताना त्या या घरात आल्या. सासऱ्यांनी आठ दिवसांत त्यांना हँडलवर बसवलं, कारण पोरीचा हात एका लयीत फिरतो असं त्यांना दिसलं. महिन्याभरानं सांगितलं, की डायरीतला एकही आकडा खरा नाही. म्हणाले, कागद कोणी बी उचलून नेईन, बेटी. तुह्या हातातलं कोण नेईन? प्रत्येक मोटारीचे खरे वेढे त्यांनी भाभींकडून गुंडाळून घेतले. कुठे पाच वाढवायचे, कुठे अकरा. कागदावर काही नाही. कोणाला सांगायचं नाही. भाभींनी कबूल केलं, आणि तो विषय चाळीस वर्षांसाठी संपला.

“मग यांनी डायरी इथे आणली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?” गीतांजलीनं विचारलं.

“यायनं सांगितलं, डायरी देऊन राहिलो. मले वाटलं, देऊ द्या, खोटीच तर हाय. लोक तिच्यावर मोटारी भरतीन, हे माह्या ध्यानात आलं नाही, बेटा.”

शफीकभाई मान खाली घालून टेबलावरची उलगडलेली तार गोळा करत होते, तळहाताभोवती गुंडाळत होते. न बघताच त्यांनी विचारलं, “अब्बा ने मेरे को कायको नहीं बोला? मेरे पे भरोसा नहीं था?”

भाभींनी उत्तर मराठीत दिलं. आम्हालाही कळावं म्हणून असेल. “भरोसा होता. कोणी मागितलं का तुमी देऊन टाकता, याचाच भरोसा होता. अब्बा म्हणे, शफीकच्या हातात दिलं तर वर्षाच्या आत साऱ्या दुनियेले माहीत होईन.”

शफीकभाईंनी मान वर केली. समोरच्या संगणकावर यादी उघडी होती, आणि खाली आकडा होता, तीनशे चाळीस. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. आधी त्यांचे खांदे हलले. रडतायत की काय म्हणून नत्थुजी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. ते हसत होते. “बराबर बोले अब्बा,” ते म्हणाले, आणि डोळे मात्र त्यांनी बाहीला पुसले.

आता खोलीत एकच प्रश्न होता आणि तो कोणी विचारत नव्हतं. अध्यक्ष म्हणून नत्थुजींनी विचारायला हवा होता, पण विद्येवर सकाळी एवढं बोललेले नत्थुजी आता पंख्याकडे बघत होते. मेलेल्या सासऱ्याला दिलेला शब्द मोडा, असं एका बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? शफीकभाई तार गुंडाळत राहिले. तीनशे चाळीस जागी आज ना उद्या मोटारी तापणार होत्या, आणि त्या प्रत्येक ठिकाणी लोक त्यांचंच नाव घेणार होते.

भाभी बराच वेळ नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. मग उठल्या आणि गीतांजलीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

“लिहा, बाई.”

पुढचे साडेतीन तास मी कसे सांगू? काही घडलं असं म्हणता येणार नाही. गीतांजली मोटार वाचायची. भाभी डोळे मिटायच्या. त्यांचा उजवा हात वर यायचा आणि हवेत, नसलेलं हँडल धरून, दोन-तीनदा फिरायचा. आकडा त्या आठवत नव्हत्या. हाताला विचारत होत्या, आणि हात सांगत होता. “एक्कावन्न. तार बावीस गेजची.” हात खाली. पुढची. “अठ्ठ्याऐंशी. याले वरची कॉइल दोन टर्न कमी.” हात खाली. पुढची.

जानरावानं सुरुवातीला परीक्षा पाहिली. तीन मोटारी अशा सांगितल्या, ज्या त्यानं स्वतः उलगडून मोजल्या होत्या. तिन्हींचे आकडे बरोबर आले. चौथी त्यानं विचारली नाही. तो खुर्चीवरून उठला, खाली सतरंजीवर जाऊन बसला आणि खिशातून स्वतःची डायरी काढून कोऱ्या पानावर लिहून घेऊ लागला.

चहा आला आणि थंड झाला. कोणी मोबाइल पाहिला नाही. दर रविवारी अकरा वाजता घोरायला लागणारे आमचे एक सभासदही टक्क जागे होते. या खोलीत आम्ही मोठमोठ्या यंत्रांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, किती साठवतात, किती वेगानं शोधतात. आणि ताजनापेठेतली एक एकोणसाठ वर्षांची बाई, जिला आपला मोबाइल चार्जिंगला लावायलाही कधी कधी सांगावं लागे, ती चारशे मोटारी मनगटात घेऊन बसली होती. एकदा हात उलटा फिरला. भाभी थांबल्या, म्हणाल्या, “नाही, ही डावीकडची,” आणि आकडा बदलला. नत्थुजींनी नकळत चपला काढून बाजूला ठेवल्या.

आमच्या मंडळाचा नियम आहे, की दुरुस्ती केली की ती कोणी केली आणि का केली, तेही लिहायचं. पहिल्याच दुरुस्तीला गीतांजलीनं विचारलं होतं, “कोणी केली, तिथे तुमचं नाव लिहिते. कारण काय लिहू?”

भाभींनी विचार केला. “लिहा, सासरे लय हुशार होते.”

तेच कारण मग प्रत्येक ओळीपुढे पडत गेलं. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढलेले नत्थुजी माझ्या कानात म्हणाले, “एका दिवसात चारशे फेरफार! आन् एकाही अर्जाले तिकीट नाही!” पण हे त्यांनी इतकं हळू म्हटलं, की देवळात बोलतोय असं वाटलं.

शफीकभाई संपूर्ण वेळ भाभींच्या खुर्चीमागे उभे होते. अर्ध्यातून त्यांनी तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या मागोमाग, नवशिक्या पोरासारखे. एकदा त्यांनी भाभींच्या आधीच आकडा सांगितला. तो चुकला. भाभी न वळता म्हणाल्या, “घाई नोको.”

यादी हॉर्सपॉवरप्रमाणे लावलेली होती, त्यामुळे सर्वांत मोठी मोटार शेवटी आली. चारशे बारावी. वीस हॉर्सपॉवर, परदेशी बनावटीची, कापसाच्या एका जुन्या जिनिंगची. डायरीत चौतीस.

“हे अब्बांनी भरलेली पहिली मोटार,” शफीकभाई म्हणाले.

भाभींनी डोळे मिटले. हात वर आला. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि तिथेच थांबला. गीतांजलीची बोटं वाट बघत होती. जानरावाचा पेन वाट बघत होता. नत्थुजी आभाराचं भाषण मनात जुळवून उभे राहिले होते.

भाभींनी डोळे उघडले आणि हात मांडीवर ठेवला.

“आठवत नाही का, भाभी?” जानरावानं अदबीनं विचारलं.

“आठवते ना.” त्या गीतांजलीकडे वळल्या. “हे मोटार आता कोठीच नाही, बाई. जिन बंद पडला तवाच भंगारात गेली. माह्या डोळ्यासमोर फोडली. कोणाचं काही जळणार नाही.” मग त्या शाळेत सुट्टी मागावी तशा आवाजात म्हणाल्या, “तेवढा एक खोटाच राहू देता का?”